तळोद्याची गढी, साल १७१७

प्रकाशा गावच्या घाटावर तुम्ही नावेतून उतरता तेव्हा ऊन नुकतंच कललं आहे. वैशाख आहे. तापीचं पात्र आखडून दोन्ही कडांना वाळूचे पट्टे उघडे पडलेत आणि गोमाई जिथे तापीला मिळते त्या संगमावर म्हशी गळ्यापर्यंत पाण्यात बसल्यात. साल १७१७. साताऱ्याला शाहू महाराज गादीवर आहेत, बाळाजी विश्वनाथ पेशवे आहेत, दिल्लीला फर्रुखसियर बादशाह आहे. पायाखालचा हा मुलूख कागदावर मोगलांचा आहे. इथल्या वाटांवर मात्र आज कोणाचा हुकूम चालतो, हे ज्याच्या दारात घोडे बांधलेले त्याला विचारावं.

सुरतेचा माल बऱ्हाणपूरला नेणारा रस्ता तापीच्या पलीकडून, नंदुरबारवरून जातो. कापड, नीळ, साखर, चांदी, सारं या वाटेनं. अर्ध्या शतकामागे इंग्रजांनी नंदुरबारात वखार घातली ती याच रस्त्यासाठी. पण गेल्याच वर्षी खंडेराव दाभाड्यांनी खानदेशात या वाटेवर चौक्या बसवल्या, प्रत्येक तांड्याकडून वसुली सुरू केली आणि त्यांना हुसकायला आलेली झुल्फिकार बेगाची हजारोंची फौज डोंगराळ भागात ओढून कापून काढली. अशा काळात गावातल्या श्रीमंत माणसाचं घर कसं असेल? तेच बघायला तुम्ही निघाला आहात.

प्रकाशाहून तळोदं चारेक कोस. वाट पश्चिमेकडे जाते, म्हणजे ऊन तोंडावर. उजव्या हाताला सातपुडा सतत सोबत चालतो. आधी धुरकट निळा, मग जवळ येता येता त्याच्या सोंडा, घळी, पानं गळालेल्या सागाचे राखाडी उतार वेगळे दिसू लागतात. डाव्या हाताला तापीच्या खोऱ्याची काळी जमीन. ज्वारी केव्हाच निघाली आहे, रान मोकळं आहे आणि उन्हानं मातीला अशा भेगा पडल्यात की पाऊल आत जाईल. या भेगांकडे नीट बघून घ्या. पुढे गढीच्या भिंतीपाशी त्यांची आठवण लागेल.

जिथे जाताय ती गढी बारगळांची. घरधनी भोजराज बारगळ. ते सरदार कदमबांड्यांच्या चाकरीत घोडेस्वारांचं पथक बाळगून आहेत. त्यांची एक बहीण एकवीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर नीरेकाठच्या होळ गावाहून आपल्या लहानग्या मुलाला घेऊन इथे माहेरी आली. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, आता चोवीस वर्षांचा आहे. त्याचं नाव मल्हार. पुढे सारा हिंदुस्थान त्याला मल्हारराव होळकर म्हणून ओळखणार आहे, आणि याच साली मामाची मुलगी गौतमाबाई हिच्याशी त्याचं लग्न होतं आहे. ही माणसं इतिहासातली. त्यांच्या घराची फेरी मात्र खानदेशी गढीच्या बांधणीच्या रीतीवरून उभी केलेली आहे. माती, लाकूड आणि चौकांची मांडणी या मुलखात जशी होत आली, तशी तुम्हाला भेटेल.

गाव दिसायच्या आधी गढी दिसते. सपाट रानात मध्येच उंचवटा, त्यावर पांढुरक्या मातीचे गोल बुरूज, आणि त्यांच्या पायथ्याशी बिलगून बसलेली धाब्याची घरं. हा उंचवटा कोणी एका पिढीत रचलेला नसतो. एकाच जागी शेकडो वर्षं माणसं राहिली, घरं पडली, त्याच मातीवर पुन्हा घरं उभी राहिली, चुलीची राख, शेण, भुसा, हाडं, खापरं सगळं थरावर थर बसलं की गावाची जमीन आपोआप वर उचलली जाते. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हा भेद खानदेशातल्या पोरालाही कळतो. काळी पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की फाटते. वाटेत पाहिलेल्या भेगा तिच्याच. तिची भिंत एका पावसाळ्यात कोसळेल. पांढरी मात्र घट्ट बसते, पाणी सहज आत घेत नाही, आणि म्हणून गढी बांधणारा हात आधी तिलाच लागतो. गावानं शतकानुशतकं राहून जी माती तयार केली, तीच माती गावाच्या रक्षणाला भिंत होऊन उभी आहे. मला या साऱ्या बांधकामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

भिंतीच्या जवळ जा, हात लावा. उन्हाची वेळ असूनही तळहाताला ती फार तापलेली लागत नाही. खालचा भाग दगडाचा आहे, कारण जमिनीतली ओल आणि पावसाचे उडणारे शिंतोडे मातीला पायातूनच खातात. त्या दगडी पायावर मातीचा तट. माती खणून, पाणी घालून, तिच्यात भुसा आणि शेण मिसळून दिवसचे दिवस कुजत ठेवायची, बैलांनी किंवा माणसांच्या पायांनी तुडवायची, आणि मग हातभर उंचीचा एक थर घालून तो वाळेपर्यंत थांबायचं. घाई केली तर तट फुगतो. भिंत तळाशी इतकी रुंद की माणूस आडवा झोपला तर पाय बाहेर येणार नाहीत, आणि वर जाता जाता ती आत कलत निमुळती होते. सरळ उभी भिंत आपल्याच वजनानं बाहेर झुकते, ही कलती भिंत आपल्याच वजनानं बसते.

बुरूज गोल का, याचं उत्तर तुम्ही त्याच्या पायथ्याशी उभं राहिलात की मिळतं. चौकोनी बुरुजाच्या कोपऱ्याआड माणूस लपू शकतो. गोल बुरुजाच्या आड लपायला जागा उरत नाही. वर बघा, मातीत ओळीनं भोकं दिसतात, त्या जंग्या. आतून रुंद आणि बाहेर चिंचोळ्या, काही समोर रोखलेल्या, काही थेट पायथ्याकडे उतरत्या. तुम्ही जिथे उभे आहात ती जागा वरच्या माणसाच्या बंदुकीखाली आहे. मातीच्या तटाचा आणखी एक गुण आहे. लहान तोफेचा गोळा दगडी भिंतीवर बसला की चिरा फुटतो, कपचे उडतात. मातीत तो रुततो आणि तिथेच राहतो. मोठ्या वेढ्यापुढे अशी गढी फार दिवस टिकणार नाही. पण दरोडेखोरांची टोळी, वसुलीला आलेलं एखादं पथक, रात्रीचा घाला, एवढ्याला ती पुरून उरते, आणि या मुलखात रोजचं भय तेवढंच आहे.

दरवाज्याकडे वळा. तो समोरून दिसत नाही. तटाला समांतर चालत गेल्यावर दोन बुरुजांच्या कुशीत तो एकदम पुढ्यात येतो. सागवानी जाड फळ्यांचा, बाहेरून लोखंडी खिळ्यांनी मढवलेला, आणि एका फळीत कापलेली बुटकी दिंडी. मोठा दरवाजा घोड्यांसाठी, लग्नाच्या वरातीसाठी, धान्याच्या गाड्यांसाठी उघडतो. एकट्यादुकट्यानं दिंडीतूनच यायचं, वाकून, आधी डोकं आत घालून. वाकलेल्या माणसाला तलवार उपसता येत नाही.

"कथाईन उनात, भाऊ?" आतून पहारेकरी अहिराणीत विचारतो. कुठून आलात. प्रकाशाहून, सांगा. तो तुमच्या पायांकडे बघतो, धूळ ओळखतो आणि बाजूला होतो.

आत दोन्ही बाजूंना देवड्या आहेत. पहारेकऱ्यांच्या बसायच्या, निजायच्या, उंच जोत्याच्या ओवऱ्या. खुंट्यांवर ढाली, कोपऱ्यात भाले, पाण्याचा माठ. दरवाज्यामागे भिंतीत दोन्हीकडे खोल खोबणी आहेत. रात्री एका खोबणीतून ओढून दुसरीत सारायचा अडसर, एक अख्खा सागाचा वासा. दार बाहेरून कितीही ठोकलं तरी जोर भिंतीवर येतो, बिजागऱ्यांवर येत नाही. देवडीतून चार पावलं पुढे जाता आणि समोर कोरी भिंत येते. वाट काटकोनात वळते. पुढच्या दरवाज्याकडे नजरही जात नाही आणि दौडत आलेला घोडाही जात नाही. शत्रूला अडवणारं हे वळण घरातल्या बायकांनाही उपयोगी पडतं, कारण दरवाजा सताड उघडा असला तरी रस्त्यावरच्या माणसाला अंगण दिसत नाही.

वळण संपलं की पहिला चौक. वास आधी येतो, घोड्यांचा, ओल्या हरभऱ्याचा, लिदीचा, चामड्याचा. गढीचा सगळ्यात मोठा चौक पागेचा आहे. तटाला पाठ लावून लांबच लांब पडवी, तिच्यात घोडी आगाडी-पिछाडीनं बांधलेली, तोंडाला चंदीचे तोबरे. मोतद्दार खरारा करतायत. जमीन चौकाच्या मध्याकडे किंचित उतरती ठेवली आहे, म्हणजे मूत साचत नाही, खूर कुजत नाहीत. दगडी हौद, त्यावर निंबाचं झाड. एका कोपऱ्यात नालबंदाची भट्टी, दुसऱ्यात गवताच्या गंजी, पण त्या भट्टीपासून आणि घरापासूनही दूर. धाब्याच्या घराला आगीची भीती कमी. गंजीला ठिणगी पुरते.

हे घर कशावर उभं आहे ते या चौकात कळतं. कदमबांड्यांकडे चाकरी म्हणजे हुकूम आला की ठरलेले घोडे, ठरलेले स्वार घेऊन हजर व्हायचं. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, ज्याला घोडा सरदारानं दिला तो बारगीर. बारगिराचा घोडा मेला तर नुकसान धन्याचं. म्हणून पागा दरवाज्याला लागून आहे, निघायला सोपी, आणि तरी तटाच्या आत आहे, चोरी व्हायला अवघड. भोजराजांची दौलत सोन्यात किंवा गावांत मोजायच्या आधी या पडवीत मोजावी.

पागेच्या पलीकडे मेंढवाडा आहे. धनगराचं घर, मेंढरं असणारच. मल्हार लहानपणी मामाची मेंढरं राखायचा. एकदा तो रानात झोपला असता नागानं त्याच्या तोंडावर फणा धरून सावली केली, आईनं ते पाहिलं, आणि त्यानंतर मामानं त्याच्या हातातली काठी काढून त्याला घोड्यावर बसवलं, अशी कथा सांगतात. मोठ्या माणसांच्या बालपणात असा नाग बऱ्याचदा येतो. मला मात्र या कथेपेक्षा या चौकाचा भूगोल जास्त सांगतो. मेंढवाडा आणि पागा यांच्यात फक्त एक चौक आहे. रोज संध्याकाळी मेंढरं आत घेताना ज्या मुलाच्या डोळ्यांसमोर घोडी फेरली जातात, भाले पारजले जातात, मोहिमांच्या गोष्टी निघतात, त्याला काठी टाकायला नागाची गरज पडत नाही. आज तो चोवीस वर्षांचा तरणा स्वार आहे. दोन वर्षांपासून कदमबांड्यांच्या पथकात आहे. तिथे त्या घोडीचा पुढचा पाय मांडीवर घेऊन नाल बघत बसलेला, तो तोच असेल. त्याला हाक मारू नका. त्याला अजून आपण कोण होणार हे ठाऊक नाही.

पहिल्या चौकाच्या डोक्याशी सदर आहे. जोतं कमरेइतकं उंच, चढायला दगडी पायऱ्या. पायऱ्यांवर कोणी थांबायचं, ओटीवर कोणी टेकायचं, बैठकीच्या कडेला कोणी आणि लोडाला कोणी, हे कुठे लिहिलेलं नाही आणि तरी कोणी चुकत नाही. जमिनीपासून लोडापर्यंतच्या दोन-तीन हातांत सारी माणसं आपापल्या उंचीवर बसलेली असतात. या मांडणीत अन्यायही मुरलेला आहे, तो झाकू नये. सातपुड्यातून मध, डिंक, मोहाची फुलं घेऊन उतरलेला भिल्ल पायरीखाली उन्हात उभा आहे. ज्याच्या डोंगरातल्या सागावर ही सदर उभी आहे, त्याला सदरेवर जागा नाही.

बैठकीच्या एका अंगाला कारकून मांडी घालून बसलाय. मांडीवर कागद, हातात बोरू, मोडीतली ओळ अक्षर न तोडता धावते आहे. ओली शाई टिपायला वाळूची डबी. मागच्या भिंतीतल्या फडताळात रुमालांत बांधलेली दप्तरं. किती घोडे, किती चंदी, कोणाला किती उचल दिली, कुठल्या गावचं काय येणं. घराचा बाहेरचा हिशेब इथे राहतो. आतला हिशेब दुसरीकडे आहे, आणि त्यासाठी तुम्हाला सदरेच्या मागचं दार ओलांडावं लागेल.

हे दार पहिल्यापेक्षा बुटकं आणि जास्त देखणं आहे. चौकटीवर वेलबुट्टी, मधोमध गणेशपट्टी, उंबऱ्यावर हळदीकुंकू. पुरुषांच्या बाजूनं ते दिवसा उघडंच असतं, तरी कोणी खाकरल्याशिवाय आत येत नाही. तुम्हीही खाकरा.

आतला चौक लहान, फरसबंद, सावलीचा. चारी बाजूंनी सोपे आणि मध्ये तुळशीवृंदावन. सागाचे खांब आभाळाला हात लावून उभे. या खांबांपाशी जरा थांबा, कारण तळोद्याचं खरं वैभव हेच आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव सागाच्या बाजारासाठी नावाजलेलं. दोनशे वर्षांनी इंग्रजांचं गॅझेटियरही तळोद्याला खानदेशातली लाकडाची मुख्य पेठ म्हणणार आहे आणि इथल्या बैलगाड्या खानदेशात सर्वांत उत्तम, सुमारे चाळीस रुपयांना एक, असं लिहून ठेवणार आहे. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर बसवला आहे, मातीत पुरलेला नाही. वाळवीला वर चढायचं तर उघड्या दगडावरून जावं लागतं आणि ती दिसते. खांबाच्या डोक्यावर दोन्हीकडे पसरलेले कोरीव हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या. सांध्यात खिळा नाही. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवलेलं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि हा सांधा त्याच्याबरोबर हलतो. खिळा असता तर लाकूड फाटलं असतं.

कड्यांच्या वर काटक्यांचा दाट थर, त्यावर निंबाचा पाला, त्यावर चिखल, आणि सगळ्यांत वर खारी माती. हे झालं धाबं. दर वर्षी मृगाच्या आधी त्यावर नवी खारी पडते, चोपून बसवली जाते, पन्हाळ मोकळे केले जातात. एक वर्ष हे राहिलं की दुसऱ्या वर्षी छत गळतं, तिसऱ्या वर्षी कडी कुजते. गढीचं आयुष्य ती बांधणाऱ्याइतकंच दर मृगाला धाब्यावर चढणाऱ्या माणसावर अवलंबून असतं. त्याची हजेरी चुकली की घर जायला लागतं.

माजघरात शिरलात की क्षणभर काही दिसत नाही. बाहेर खानदेशचा वैशाख रणरणतोय आणि आत अंगावरचा घाम निवतोय. भिंती जाड, खिडक्या जवळजवळ नाहीतच. उजेड धाब्यातल्या साण्यातून पडतो, एकच तिरका पट्टा, आणि त्यात चुलीचा धूर चढताना दिसतो. डोळे सरावले की कोनाडे दिसू लागतात, दिवळ्या, खुंट्या, उतरंडी. जात्याची घरघर ऐकू येते. स्वयंपाकघरात कळण्याच्या भाकरी थापल्या जातायत, कारण रात्री पागेतल्या सगळ्यांना पुरवायच्या आहेत. देवघरात चांदीचे टाक, त्यात घोड्यावर बसलेला खंडोबा, समोर भंडाऱ्याची वाटी. बाहेर पागेत घोडे, आत देव्हाऱ्यातही घोडा.

आता भिंतीवर मूठ आपटा. इथे भरीव वाजते, दोन हात सरकून पुन्हा आपटा, तिथे बद्द वाजते. ते बळद. भिंतीच्या पोटात ठेवलेली धान्याची कोठी. वरून, माळ्यावरच्या तोंडातून धान्य ओतायचं आणि खाली, जमिनीलगतच्या हातभर भोकातून काढायचं. जुनं धान्य आधी निघतं, नवं मागे राहतं. तोंड शेणामातीनं लिंपलेलं, आत निंबाचा पाला आणि राख. अंगणाखाली पेवं आहेत, जमिनीत खणलेली, कडांना कडबा लावलेली, वर दगड ठेवून मातीनं बंद केलेली. पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरत नाही. आधी झाकण काढून वारा लागू देतात, मग दोरीनं दिवा सोडतात. दिवा विझला तर आतली हवा जीव घेणारी आहे. परसाकडे, तटाच्या आतच, आड आहे. न्हाणीचं पाणी केळीला जातं. बाहेरची वाट चार महिने तुटली तरी या घराला पाणी आणि भाकरी तुटणार नाही.

पेव कधी उघडायचं, बळदातून किती काढायचं, पागेच्या चंदीला किती आणि पाहुण्याच्या पानाला किती, दुष्काळाच्या वर्षी गावाला किती द्यायचं, या सगळ्याच्या किल्ल्या सदरेवर नाहीत. त्या या चौकात, घरच्या बाईच्या कमरेला आहेत. गौतमाबाई याच चौकात वाढली. तिचा चेहरा कसा होता ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण पुढे तिनं काय केलं ते लिहिलेलं आहे, आणि त्याची शाळा हा चौक असणार, असं मी ठामपणे म्हणेन. आज तिच्या हातात किल्ल्या नाहीत, हळद आहे. सोप्यात बायका दळतायत, कोणी ओव्या म्हणतंय, आणि एकवीस वर्षांपूर्वी पोराला कडेवर घेऊन या दारात आलेली तिची आत्या आता तिची सासू होणार आहे.

रात्री धाब्यावर चला. खानदेशात उन्हाळ्यात घरात कोणी झोपत नाही. जिन्याच्या अरुंद, उंच पायऱ्या भिंतीच्या आतून वर जातात. एका वेळी एकच माणूस चढू शकेल एवढी वाट. वर चर्यांच्या आडोशाला घोंगड्या टाकलेल्या. दक्षिणेला तापीकडचा काळोख. उत्तरेला सातपुडा, आणि त्याच्या अंगावर वणव्याची लाल नागमोडी रेघ. त्या डोंगरापलीकडे नर्मदा, तिच्या काठी बडवानीचं राज्य, त्याच्याही पुढे माळवा. मल्हारनं किती उन्हाळे हे बघत काढले असतील. पुढे त्यानं काही काळ बडवानीच्या राजाची चाकरी केली आणि माळव्यात आपलं राज्य उभं केलं. या धाब्यावरून उत्तरच दिसते.

आता काळ थोडा भरभर सरकू द्या. १७१९ साली दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा येतात. १७२१ च्या सुमाराला मल्हारराव पेशव्यांच्या फौजेत जातात, १७२८ ला पालखेडच्या मोहिमेत बाजीरावांसोबत असतात. त्यांचं लाल-पांढरं निशाण कदमबांड्यांकडून आलेलं, अशी परंपरा आहे. मग १७३४. त्या साली बाजीराव गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर करून देतात, तिला खासगी म्हणतात. तिथून पुढे होळकरांच्या राज्याचे दोन हिशेब झाले. एक दौलत, म्हणजे फौज, वसुली, मोहिमा. दुसरी खासगी, राणीच्या हातची, जिच्यावर फौजेचा हक्क नाही.

तळोद्याची गढी फिरून आल्यावर ही वाटणी अनोळखी वाटत नाही. पहिला चौक पागेचा, दुसरा चौक बळदाचा. मध्ये एक दार, जिथे खाकरल्याशिवाय जायचं नाही. गढीची मांडणी राज्याची मांडणी झाली, असं माझं मत आहे. गौतमाबाईंनी ही खासगी सांभाळली आणि चौंडीहून आलेल्या सुनेला, अहिल्याबाईंना, तो कारभार शिकवला. एकुलता मुलगा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडला, १७६१ मध्ये गौतमाबाई गेल्या, १७६६ मध्ये मल्हारराव गेले. अहिल्याबाईंनी काशी विश्वेश्वराचं मंदिर उभं केलं, गयेचं विष्णुपद बांधलं, देशभर घाट, बारवा, धर्मशाळा बांधल्या, ते खासगीच्या पैशातून. राज्याच्या तिजोरीला त्यांनी त्यासाठी हात लावला नाही.

बांधकामातही हा धागा दिसतो. चांदवडचा रंगमहाल बघा, महेश्वरच्या किल्ल्यातला अहिल्याबाईंचा वाडा बघा, इंदूरचा सात मजली राजवाडा बघा. दगड आला, विटा आल्या, मजले वाढले, नक्षी वाढली. पण बाहेरचा दरवाजा, देवडी, चौक, चौकाभोवती लाकडी खांबांचे सोपे, सदर पुढे आणि माजघर मागे, ही भाषा तीच. महेश्वरचा वाडा तर एका मोठ्या साम्राज्याच्या राजधानीचा वाटतच नाही, चांगल्या नांदत्या घराचा वाटतो, आणि तोच त्याचा मान आहे.

तुम्ही परत आपल्या काळात आला आहात. तळोदं आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून हा जिल्हा वेगळा झाला. बारगळांची गढी आजही त्याच नावानं गावात ओळखली जाते. खानदेशातल्या बाकीच्या गढ्यांची गोष्ट मात्र वाईट आहे. किल्ल्यांवर आपण चढतो, पुस्तकं लिहितो, दिवाळीत त्यांच्या प्रतिकृती करतो. गढीला तसं कोणी नाही. धाब्यावर खारी टाकणारा माणूस शहरात गेला, छत गेलं, उघड्या तटावर दहा पावसाळे पडले, आणि मग पांढरी माती शेताला चांगली म्हणून गाड्या भरभरून नेली. सागाच्या तुळया विकल्या गेल्या. कोरीव चौकटी जुन्या वस्तूंच्या दुकानात पोचल्या. दगडी किल्ला पडला तरी जोतं उरतं, मातीची गढी पडली की नकाशाही उरत नाही.

सगळ्या गढ्या वाचवता येणार नाहीत, हे मान्य करू. त्यांची नोंद मात्र करता येईल, आणि तिला फार पैसा लागत नाही. नंदुरबार, शहादा, तळोदा, धुळे इथे महाविद्यालयं आहेत, मोजमाप शिकलेली मुलं आहेत. फिती घ्या, मालकांची परवानगी घ्या, गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या. दरवाजा कुठे होता, आड कुठे होता, बळदाची भिंत कोणती, पेवं कुठे बुजवली, हे त्याला विचारा आणि कागदावर काढा. खांबांचे, हस्तांचे, सांध्यांचे फोटो काढा. घरात मोडी कागद असतील तर ते धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी दाखवा. आणि हे काम मृग लागायच्या आधी करा, कारण मातीची भिंत दर पावसाळ्यात थोडी कमी उरते.